उशिराचं कारण

आमच्या कॉलेजचे हेडक्लार्क दर डिसेंबरात मला ग्रंथालयातून वर बोलावतात आणि माझ्या संसाराची झडती घेतात. विम्याचा हप्ता किती, घराच्या कर्जावर व्याज किती गेलं, मुलीची फी किती, सासूबाईंचं वय काय, त्यांच्या गोळ्या-औषधांचा खर्च कोण करतं. एका वर्षी त्यांनी घर नेमकं कुणाच्या नावावर आहे आणि हप्ता नवरा भरतो की मी, हेही विचारून घेतलं. मी सगळं सांगितलं. पगारातून जास्तीचा कर कापला जाऊ नये म्हणून ही चौकशी असते, तेव्हा राग यायचं कारण नव्हतं. उलट माणूस मनापासून काम करतो याचं मला कौतुक होतं. ते कौतुक आता संपलं आहे.

कारण ज्या टेबलाशी जाऊन मी ही माहिती देत आले, त्या टेबलापर्यंत मी गुडघ्यावर हात देऊन चालत जाते. लहानपणी पोलिओ झाला आणि माझा डावा पाय बारीक राहिला. पाऊल टाकताना तळहाताने गुडघा मागे रेटावा लागतो, नाहीतर तो दुमडतो आणि मी खाली बसते. ही लपण्यासारखी गोष्ट नाही. सांगलीच्या स्टँडवरचे रिक्षावाले मला लांबून बघून रिक्षा जवळ आणतात. हेडक्लार्क तर हातभर अंतरावर बसतात, आणि तेही माझी नोकरी लागल्यापासून. सासूबाईंच्या गोळ्यांपर्यंत पोचलेला हा माणूस माझ्या पायापर्यंत मात्र कधी आला नाही.

अपंग माणसाच्या उत्पन्नातून दरवर्षी सरळ पंच्याहत्तर हजार रुपये वजा करायचे आणि मग उरलेल्यावर कर लावायचा, असा नियम आहे. त्याला पावत्या लागत नाहीत, खर्च दाखवावा लागत नाही. सरकारी दवाखान्याचा दाखला पुरतो. हेडक्लार्कना हे पाठ होतं, मला ठाऊक नव्हतं. आणि दाखला माझ्याकडे होता. काही वर्षांपूर्वी मी न्हाणीघरात घसरून पडले, तेव्हा मिरजेच्या हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, दाखला का काढला नाही अजून, निदान रेल्वेत सवलत तरी मिळेल. मी सिव्हिलमध्ये जाऊन तो काढला, तिकिटापुरता वापरला आणि कपाटात ठेवून दिला.

वजावटीचं कळलं ते गेल्या वर्षी. आमच्याकडे अकाउंट्स शिकवायला एक नवीन बाई आल्या, नांदेडकडच्या. दोन्ही कानांना मशीन, त्यामुळे आवाज मोठा. रुजू होऊन आठवडाही झाला नसेल. स्टाफरूममध्ये चहा चालला होता, मी कप घेऊन खुर्चीकडे निघाले होते, आणि त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मॅडम, तुमचं किती टक्के आहे?"

"काय किती टक्के?"

"पाय."

भूगोलाचे सर बिनसाखरेचा चहा ढवळायला लागले. इतिहासाच्या बाईंनी पर्स उघडली आणि तिच्यात डोकं घातलं. माझे कान तापले. उभ्या जन्मात दवाखान्याबाहेर मला कुणी असं विचारलं नव्हतं.

"पन्नास," मी म्हणाले, चोरी कबूल करावी तसं.

"माझं कानांचं साठ," बाई म्हणाल्या आणि त्यांनी चहात बिस्कीट बुडवलं. "म्हणजे तुम्ही ऐंशी-यू घेत असाल ना?"

ते त्या वजावटीचं कलम, हेच मला माहीत नव्हतं. त्यांनी मला तिथेच शेजारी बसवून समजावून सांगितलं, आणि सांगताना आवाज जराही खाली आणला नाही. त्या दिवशी कॉलेजातून निघेपर्यंत मी त्यांच्यावरच चिडलेली होते. संध्याकाळी कणीक मळता मळता तो राग हळूहळू दुसरीकडे सरकला.

"मला ठाऊक होतं, मॅडम," हेडक्लार्क दुसऱ्या दिवशी म्हणाले. निदान खोटं बोलले नाहीत. "पण कसं विचारायचं? बरं दिसतं का ते? तुमच्या मनाला लागलं असतं."

"माझ्या सासूचं वय विचारताना बरं दिसत होतं?"

"ते वेगळं."

म्हणजे माझ्या मनाला लागू नये म्हणून यांनी दरवर्षी माझ्या पगाराला लागू दिलं. बरं, मनाला लागलं असतं की नाही, हे मला एकदा विचारून तरी बघायचं. मी त्यांना चार शब्द सुनावले. त्यांनी उठून मला खुर्ची पुढे केली. हाच तर सगळा प्रकार आहे. खुर्ची सगळे देतात. का देतो, हे कुणी तोंडाने बोलत नाही.

पण हेडक्लार्क परका माणूस. माझं रिटर्न भरतो तो माझा सख्खा मामेभाऊ. मार्केट यार्डाजवळ त्याचं ऑफिस आहे, हळदीच्या आणि गुळाच्या व्यापाऱ्यांची रिटर्नं तो भरतो. त्याच्या फायलींनासुद्धा हळदीचा वास येतो. आम्ही दोघं आष्ट्याजवळच्या एकाच गावात वाढलो. तो माझ्याहून वर्षाने लहान. दर जुलैत माझ्या रिटर्नमध्ये अपंगत्वाची एक चौकट यायची आणि दर जुलैत तो ती मोकळी सोडून पुढे जायचा.

"आक्का, तू कवा बोललीच न्हाईस," तो म्हणाला.

"तू मला सायकलच्या कॅरेजवर बसवून शाळेला न्हेत हुतास. कशाला न्हेत हुतास?"

"शाळा लांब व्हती."

"तुझी बहीण त्याच शाळेला चालत यायची."

त्याने कॉम्प्युटरकडे तोंड केलं. "त्येचं आता काय करायचं आक्का. म्होरलं बघू."

पुढचं बघायला गेलो, तर तिथेही संतापाची सोय होती. मागच्या वर्षाचं रिटर्न दुरुस्त करता येत होतं, कारण त्याची डिसेंबरअखेरची मुदत अजून संपली नव्हती. ते त्याने माझ्यासमोर दुरुस्त केलं. त्याआधीच्या वर्षांना मात्र दार बंद. मी म्हटलं, जुनी रिटर्नं पुन्हा भरायची काहीतरी सोय आहे असं मी पेपरात वाचलंय. तर तो म्हणाला, आहे, पण ती सरकारला द्यायचं राहिलं असेल तर. आपण कमी कर भरला असेल, तर चार वर्षं मागे जाऊन खुशाल भरावा, सरकार घेतं. जास्त भरला असेल आणि परत पाहिजे असेल, तर त्या दाराने जाता येत नाही.

"मग कुठल्या दारानं जायचं?"

"उशीर माफ करा म्हून वरच्या साहेबाला अर्ज करायचा. पाच वर्षांच्या आतलं आसलं तर त्यो बघतो. उशिराचं कारण त्येला पटलं तर मंजूर."

माफ करा, हे शब्द ऐकून माझं डोकं फिरलं. जास्तीचा कर मी भरला. दाखला माझ्याकडे होता. पाय तर सगळ्यांनाच दिसत होता. आणि माफी कुणी मागायची, तर मी. पण मला ते पैसे हवे होते. मला बाजूला दोन चाकं लावलेली स्कूटर घ्यायची होती, म्हणजे रोज रिक्षावाल्याची वाट बघायला नको आणि कुपवाडहून कारखाना टाकून नवऱ्याला धावत यायला नको. शिवाय खरं सांगायचं तर मला पैशांपेक्षाही तो 'मंजूर' शब्द हवा होता. तुझा पाय अधू होता, आधीच्या सगळ्या वर्षांतही होता, असं कुणीतरी शाईने लिहून द्यायला हवं होतं.

नवऱ्याचं कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत लेथचं छोटं वर्कशॉप आहे. त्याला सगळं सांगितल्यावर मी विचारलं, "तुम्ही तरी कधी काही का बोलला नाहीत?" तो भाजीची पिशवी रिकामी करत होता. म्हणाला, "लग्न ठरलं तेव्हा तुझ्या आबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. पोरीच्या पायाचा विषय काढायचा नाही. मी शब्द दिला होता." मुलगी इंजिनियरिंगला गेली तरी हा माणूस शब्द पाळतोय. शब्द पाळणाऱ्या माणसांचा मला वीट आला आहे.

आमच्या माहेरी त्या पायाला नाव नव्हतं. माझी आई मला साडी नेसवायची तेव्हा निऱ्या बोटभर खाली सोडायची आणि त्याबद्दल काही बोलायची नाही. घरातल्या प्रत्येक लग्नाच्या फोटोत मी पुढच्या रांगेत खुर्चीवर बसलेली आहे आणि माझ्या मांडीवर कुणाचं तरी मूल आहे. उभ्या माणसांत मी एकाही फोटोत नाही. मला पोरांची फार आवड, असं सगळ्या भावकीत समजतात. मला पोरांची आवड नाही. मला ती दर लग्नात आणून दिली जायची.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणतात. आमच्या घराने पाय झाकला आणि त्याची किंमत मला भरावी लागली. शाळेत असताना अपंग मुलांची शिष्यवृत्ती होती, आबांनी ती घेऊ दिली नाही. नोकरीला अर्ज करताना राखीव जागा होती, आबा म्हणाले जनरलमधून लाग. मी लागले. त्याचा त्यांना इतका अभिमान, की गावात कुणीही भेटलं की सांगायचे, "ल्येक जनरलमधनं लागलीया." ऐकणारा माझ्या पायाकडे बघायचा नाही आणि मान हलवायचा.

आता हे आबा कोण, तर फौजेतून आलेला माणूस. उजव्या हाताची दोन बोटं त्यांनी सीमेवर गमावली आणि मेडिकल बोर्डाने त्यांना घरी पाठवलं. त्या बोटांची पेन्शन त्यांना मिळते, आणि ती मिळते हे ते मानाने सांगतात. गावाने त्यांना फेटा बांधला होता. शाळेत पंधरा ऑगस्टला त्यांना बोलवायचे आणि ते तीन बोटांचा सलाम ठोकायचे. आमच्या ओट्यावर बसून त्या दोन बोटांची गोष्ट न ऐकलेलं मूल गावात नाही. तीच मुलं माझ्या पायाकडे बघायला लागली की आबा त्यांना हाकलायचे.

मामेभावाने अर्जाचा मसुदा करून पाठवला. उशिराच्या कारणापुढे त्याने लिहिलं होतं, अर्जदार दीर्घकाळ आजारी असल्याने. मी त्याला फोन करून सांगितलं, मी आजारी नव्हते, मी रोज ग्रंथालय उघडत होते. मग त्याने बदल केला, कायद्याच्या अज्ञानामुळे. मी तेही खोडलं. तो हेडक्लार्क अज्ञानी नाही, तू अज्ञानी नाहीस. अडाणी काय ती मी एकटीच, असं मी लिहून देणार नाही. मग मी स्वतःच लिहिलं:

"मला पायाचे अपंगत्व आहे ही गोष्ट माझे आईवडील, नातेवाईक, सहकारी, कार्यालय आणि माझे करसल्लागार या सर्वांना दिसत होती. मला वाईट वाटू नये म्हणून कोणीही ती बोलून दाखवली नाही. त्यामुळे या वजावटीबद्दल मला कोणी विचारले नाही आणि ती मला कळली नाही."

मामेभावाने ते दोनदा वाचलं. "आक्का, आसलं कारन कोन देत न्हाई."

"खरं हाय का न्हाई?"

"खरं हाय. पर कारनासारखं न्हाई."

"तसंच घाल."

त्याने त्याचं इंग्रजी करून अर्ज भरला. आणि मग जे करायचं ते केलं, म्हणजे गावाला फोन करून आबांना सांगितलं. आक्का सरकारला लिहून देतीया, आणि त्यात तुमचं पण नाव हाय. आपलेच दात आणि आपलेच ओठ, आता बोलायचं कुणाला?

रविवारी मी गावाला गेले. आबा ओट्यावर बसले होते. आई आत तांदूळ निवडत होती, पण तिचा हात थांबलेला मला दारातून दिसत होता.

"आपल्या घरात आसलं पैसं कुनी घेतलं न्हाईत," आबा म्हणाले.

"आबा, तुमी बोटांची पेन्शन घेताय."

"ते ड्यूटीवर गेलंय."

"आनि माजं?"

"तुजं काय?"

"माजा पाय."

"तुझ्या पायाला काय झालंय?" आबा म्हणाले. "काय बी झालेलं न्हाई."

ते माझ्या तोंडाकडे बघून हे म्हणाले. पायाकडे नाही. मी म्हटलं, आबा, तुमची बोटं गेली तर फेटा, आणि माझा पाय गेला तर निऱ्या खाली. तुम्हाला मोठं माणूस म्हणून सगळे विचारतात बोटं कशी गेली. मला आजवर कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं, कारण कितव्या वर्षी ताप आला, कुठल्या दवाखान्यात नेलं, यातलं तुम्ही मला एक अक्षर सांगितलं नाही. सिव्हिलच्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी अंदाजाने सांगितलं. हे सगळं मी एका दमात बोलले. आबा समोरच्या रस्त्याकडे बघत राहिले.

आतून आई म्हणाली, "जेवून घ्या आधी."

जेवताना आबांनी एवढंच विचारलं की साहेबापुढे कधी जायचं आहे. अर्ज कोल्हापूरच्या वरच्या साहेबांकडे गेला होता. त्यांनी सांगलीच्या अधिकाऱ्याला चौकशी करून कळवायला सांगितलं होतं, आणि त्या अधिकाऱ्याने मला मूळ दाखला घेऊन बोलावलं होतं. मी दिवस सांगितला. आबा म्हणाले, "मी येतो. तितं तुला कुनी बोलाय नगं." मी नको म्हणाले. ऐकतील तर ते आबा कसले.

त्या दिवशी आबा इस्त्रीचं धोतर आणि टोपी घालून पहिल्या एसटीने आले. कार्यालय पहिल्या मजल्यावर होतं. मी कठड्याला धरून चढले, मामेभाऊ फाईल घेऊन मागून आला. अधिकारी पन्नाशीचे, शांत, सगळं वाचून ठेवलेले. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, दाखला हातात घेतला, शिक्का बघितला, तारीख बघितली. मग माझा अर्ज उघडून त्यांनी उशिराचं कारण पुन्हा एकदा मनात वाचलं.

"मॅडम, दाखल्याबद्दल प्रश्न नाही," ते म्हणाले. "प्रश्न या कारणाचा आहे. असं कारण मी पहिल्यांदाच बघतोय. ऑफिसातले बोलले नाहीत, हे समजू शकतो. पण घरचेही कधी बोलले नाहीत? हे जरा पटवून द्यावं लागेल."

मी तोंड उघडायच्या आत आबा उठून उभे राहिले. ताठ, हात बाजूला, जसे ते पंधरा ऑगस्टला उभे राहतात.

"साहेब, तिच्या पायाला काय झालेलं न्हाई."

मामेभावाच्या मांडीवरून फाईल खाली घसरली. अधिकाऱ्यांनी आबांकडे बघितलं, मग दाखल्याकडे. "तुम्ही वडील?"

"व्हय. पोरीच्या पायाला काय बी झालेलं न्हाई. आमच्यात सगळ्यांत हुशार हीच. नोकरीला लागली ती जनरलमधनं. सांगलीत घर बांधलं. तिला काय कमी न्हाई."

"पण हा सिव्हिल हॉस्पिटलचा दाखला आहे, बाबा."

"दवाखान्यावाल्यांचं काय, ते लिवत्यात काय बी."

मामेभाऊ आबांचं धोतर ओढत होता. मला त्या क्षणी खोलीतून निघून जावंसं वाटत होतं, आणि निघून जायचं तर गुडघ्यावर हात देऊनच जावं लागलं असतं. मी बसून राहिले. माझ्या अर्जाची चार महिन्यांची मेहनत माझा बाप माझ्या डोळ्यांसमोर मोडत होता, आणि ते मला वाचवायला म्हणून. त्यांना खरंच वाटत होतं की हा साहेब आपल्या मुलीला नावं ठेवतो आहे.

अधिकाऱ्यांचं लक्ष आबांच्या हाताकडे गेलं. "आणि हे बोटांना काय झालं?"

मग आबांनी ती गोष्ट सांगितली. पूर्ण सांगितली, थंडी, चौकी, कोण बरोबर होतं, उचलून कुणी आणलं, सगळं. अधिकारी शेवटपर्यंत ऐकत राहिले. गोष्ट संपल्यावर त्यांनी आबांना बसायला सांगितलं, एक कागद पुढे ओढला आणि बराच वेळ लिहीत बसले. लिहून झाल्यावर ते माझ्याकडे वळले.

"मॅडम, कारण पटलं," ते म्हणाले. "वेगळा पुरावा नको."

आबांना ते कळलं नाही. त्यांना वाटलं त्यांनी माझी बाजू सांभाळली. मामेभावाला कळलं, तो खाली वाकून कागद गोळा करत होता तो वरच येईना.

काही महिन्यांनी आदेश आला. दाखल्यानंतरची, मुदतीत बसणारी सगळी वर्षं मंजूर. मामेभावाने ती रिटर्नं नव्याने भरली आणि पैसे खात्यात आले. व्याज नाही. उशीर त्यांनी माफ केला, मग व्याज कसलं मागायचं, असा न्याय. दाखला काढायच्या आधीची सगळी वर्षं गेली ती गेलीच, कारण तेव्हा माझा पाय नुसताच लंगडा होता, कागदावर लंगडा नव्हता. माझ्या हातात 'मंजूर' आलं खरं. पण ते कशावर आलं, तर माझ्या बापाने मला तोंडावर नाकारलं त्यावर. एवढा राग आणणारा विजय मी दुसरा बघितला नाही.

पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी आम्ही साहेबांच्या खोलीतून बाहेर पडलो. मामेभाऊ स्कूटर काढायला पुढे गेला. मी जिना उतरायला लागले. उतरणं मला चढण्यापेक्षा अवघड जातं. एका हाताने कठडा, एका हाताने गुडघा, आणि प्रत्येक पायरीवर दोन्ही पावलं. आबा ऐंशीच्या पुढचे, तरी माझ्या पुढे उतरत होते. मध्यावर वळणाच्या जागी ते थांबले आणि भिंतीवर लावलेली इंग्रजी सूचना वाचायला लागले. आबांना इंग्रजी येत नाही. मी पोचेपर्यंत ते तिच्याकडे बघत उभे राहिले.

मी पोचल्यावर म्हणाले, "जिना लय चढाचा केलाय ह्या लोकांनी. मानसानं उतरावं कसं?"

"आबा, जिना बरा हाय," मी म्हटलं. "माजा पाय लंगडा हाय."

खालून स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. आबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग पहिल्यांदाच खाली, माझ्या पायाकडे बघितलं. सरळ, साडीच्या काठाखाली दिसणाऱ्या चपलेकडे.

"व्हय," ते म्हणाले.

आम्ही उरलेल्या पायऱ्या उतरलो, ते एक पायरी पुढे, मी मागे. शेवटच्या पायरीवर ते मागे वळून हळूच म्हणाले, "तुझ्या आईला सांगू नगंस मी आसं म्हनलो म्हून."

त्यांना पोचवायला मी त्यांच्याबरोबर गावी गेले. आई दारातच उभी होती, काय झालं विचारायला. मी चप्पल काढायच्या आधी तिला आबांचं ते 'व्हय' सांगितलं.